स्टीमच्या पाइपवरचा डबा

आमच्या पाळीत डबा चोरणं हा गुन्हा नव्हता. उलट ज्याचा डबा कधीच चोरीला जात नसे त्याच्याबद्दल लोक दोनच गोष्टी समजत. एक तर त्याच्या बायकोच्या हाताला चव नाही, नाही तर त्याचं कोणाशी पटत नाही.

आम्ही रोलिंग मिलच्या मेंटेनन्सची माणसं. मिलच्या मागच्या भिंतीला लागून आमची रेस्ट रूम, आणि तिच्या दाराशेजारून छातीइतक्या उंचीवर एक जाड स्टीमचा पाइप जातो. सकाळी सहाला कामावर आलं की प्रत्येकजण आपला डबा त्या पाइपवर ठेवणार, म्हणजे दहा वाजता तो घरून आत्ताच आल्यासारखा गरम मिळतो. मधल्या चार तासांत कोणी ना कोणी पाना नाही तर ग्रीसचा डबा न्यायच्या निमित्ताने तिथून जायचं, एखादं झाकण उघडायचं आणि उभ्या उभ्या आतलं साफ करून रिकामा डबा परत ठेवायचा. याला डबा मारणं म्हणत. दहा वाजता ज्याचा डबा हलका लागे तो आधी सगळ्यांच्या खानदानाचा उद्धार करी, मग प्रत्येकाच्या डब्यातून आपल्या हाताने एक एक घास उचली. तो त्याचा हक्क होता. पोट त्याचंच सगळ्यात जास्त भरायचं.

सगळ्यात जास्त मार खाई तो गार्डचा डबा. गार्ड म्हणजे माझा दोस्त, माझ्यासारखाच फिटर. त्याचे वडील रेल्वेत गार्ड होते, नागपूरकडून बदली होऊन दुर्गला आले आणि तिथेच घर केलं, म्हणून पोराचंही नाव गार्ड पडलं. बापाने जन्मभर अख्खी गाडी राखली आणि याला एक डबा राखता येत नाही, असं आम्ही त्याला चिडवायचो. त्याच्या बायकोच्या हातची जवसाची चटणी आणि वांग्याचं भरीत यापुढे कोणाचं इमान टिकत नसे. तिने कधीतरी डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या घालायला सुरुवात केली होती, चोरासाठी.

हे लिहायला गार्डनेच परवानगी दिली आहे. "नाव नको टाकू," एवढंच म्हणाला. मी कोणाचंच टाकत नाही, माझंही नाही.

माझं सांगायचं तर माझ्या पायाला भिंगरी आणि तोंडाला चक्की. आजोबा भंडाऱ्याकडची शेती सोडून स्टील प्लांट उभा राहताना भिलाईला आले, मग वडील आणि त्यांच्यामागे मी. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि माझी पोरं तर घरातही अर्धी हिंदी बोलतात. मला एका जागी बसवत नाही आणि गप्प राहवत नाही. प्लांटच्या आरोग्य विभागाने एचआयव्हीच्या कामासाठी प्रत्येक शॉपमधून, म्हणजे खात्यातून, एकेक माणूस मागितला, तेव्हा आमच्या फोरमनने क्षणभरही विचार न करता माझं नाव दिलं. फोरमन जवळच्या उतईकडचा, वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठा, छत्तीसगढी माणूस. म्हणाला, "ये वैसे भी चुप नहीं बैठता. कुछ काम का बोलेगा."

तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं. एक बिल्ला मिळाला, चित्रांचा एक मोठा तक्ता मिळाला, आणि रेस्ट रूमच्या कोपऱ्यात निरोधचा खोका टांगायची जबाबदारी मिळाली. आठ दिवसांत माझं नाव 'एड्सवाला' पडलं. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगतो, मजाच वाटायची. पगारी वेळेत चाळीस माणसांपुढे उभं राहून बोलायला मिळत होतं आणि सगळे ऐकत होते, माझ्या घरी तर कोणी ऐकत नाही.

प्रत्येक क्लासमध्ये एक प्रश्न ठरलेला असे. मागच्या रांगेतला कोणीतरी हात वर न करता विचारी, "एका ताटात जेवलं तर?" मी तक्ता खाली ठेवून, आवाज चढवून सांगे की एका ताटात जेवा, एका ग्लासात चहा प्या, त्याचा टॉवेल घ्या, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपा, काही होत नाही. आमच्या स्वतःच्या पाळीत हा प्रश्न आमच्या वेल्डरने विचारला होता, गार्डच्या डब्यातलं भरीत चाटता चाटता. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

मग शॉपमध्ये तपासणीचा कॅम्प लागला. एक नर्स, एक टेबल, पडद्यामागे एक खुर्ची. अर्धा तास झाला तरी एक माणूस पुढे सरकेना. मी येरझारा घालत होतो. माझ्या शॉपमध्ये शून्य तपासण्या झाल्या तर बाकीच्या शॉपवाल्यांना काय तोंड दाखवू, हा एकच विचार डोक्यात. शेवटी गार्डला कोपराने ढोसलं.

"तू पहिला जा ना बे. तुले पाहून बाकीचे येतील."

"मले काय झालं?"

"काई नाई झालं म्हनूनच म्हनून राहिलो."

तो हसला, बाही वर केली आणि गेला. त्याच्यामागे बघता बघता रांग लागली. त्या दिवशी मी घरी जाताना शिट्टी वाजवत गेलो, हे मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

गार्डला पुन्हा एकदा रक्त द्यायला बोलावलं. कशाला, ते मी विचारलं नाही. त्यानंतर काही दिवसांनी पहिली पाळी सुटल्यावर तो स्कूटर स्टँडवर माझ्या गाडीपाशी उभा होता. त्याची स्वतःची गाडी बाजूलाच होती.

"चाल, उतईकडून चक्कर मारून येऊ," म्हणाला.

उतईला त्याचं कोणीच नव्हतं. तो मागे बसला. गावाबाहेर धानाची शेतं लागली तेव्हा त्याने माझ्या पाठीशी बोलल्यासारखं सांगितलं. मी ब्रेक दाबायला गेलो तर त्याने माझा खांदा धरला.

"गाडी थांबवू नको. चालवत राह्य."

म्हणून मी चालवत राहिलो. उतई मागे गेलं, पुढची दोन गावं मागे गेली. माझ्याकडे तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं, अशा वेळी काय बोलायचं त्याचं एक अख्खं पान होतं, आणि मला त्यातला एक शब्द आठवेना. एकच प्रश्न जिभेवर नाचत होता, कसं झालं? तो विचारायचा नसतो, हे मी स्वतः दुसऱ्यांना शिकवलेलं. दात आवळून मी रस्त्याकडे बघत होतो.

परतताना तोच म्हणाला, "तू विचारून नाई राहिला. पन तुया मानेवरून दिसते."

मग त्याने दोन गोष्टी मागितल्या. एक म्हणजे कोणाला कळू द्यायचं नाही. बायकोला त्याने सांगितलं होतं, तिची तपासणी साफ आली होती. म्हाताऱ्या आईला सांगितलं नव्हतं. दुसरी म्हणजे मी कुठे अर्ज-बिर्ज करून त्याला हलकं काम मिळवून द्यायचं नाही.

"मले याच पाळीत राहायचं हाये," तो म्हणाला. "स्टोअरमध्ये पाठवलं त लोक विचारतील कावून पाठवलं. अन् मी तिथी डबा कोनासोबत खाऊ?"

मी शब्द दिला. आणि पुढचे काही महिने मी तो पाळला, अगदी मन लावून. दुर्गच्या दवाखान्यात ओळखीचं कोणी भेटेल म्हणून त्याने रायपूरला नाव लिहिलं. पहिल्या काही खेपांना मी त्याच्याबरोबर लोकलने जात होतो. रजेच्या अर्जात आम्ही दोघांनी इतक्या वेळा दाताचं कारण लिहिलं की फोरमनने एकदा विचारलं, तुम्हा दोघांच्या तोंडात मिळून दात किती आहेत. सुरुवातीच्या गोळ्यांनी त्याला गरगरायचं, तेव्हा उंचावरचं काम मी काहीतरी भांडण काढून स्वतःकडे घ्यायचो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोळी रोज घेतली, एकही चुकवली नाही, तर तो आमच्याइतकंच जगेल, आमच्याइतकंच काम करेल. चार-पाच महिन्यांत त्याचा चेहरा पुन्हा भरला. मला वाटायला लागलं की मी फार चांगला माणूस आहे. माझा घात तिथेच झाला.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. पाळीतल्या कोणाच्या घरी रक्त लागलं की वेगळं विचारत नाहीत. फोरमन रेस्ट रूममधल्या फळ्यावर खडूने सगळ्यांची नावं लिहितो, आणि पाळी सुटली की सगळे आपापल्या गाड्या काढून दवाखान्यात जातात. कोणाचं चालतं, कोणाचं नाही, ते तिथे गेल्यावर ठरतं. उन्हाळ्यात वेल्डरच्या बायकोचं ऑपरेशन निघालं. मी सकाळी रेस्ट रूममध्ये आलो तर फोरमन फळ्यावर लिहीत होता आणि चौथं नाव गार्डचं होतं.

माझ्या डोक्यात काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. विचार आलाच नाही, हेच खरं. मी तीन पावलांत फळ्यापाशी गेलो आणि तळहाताने ते नाव पुसून टाकलं.

फोरमनचा खडू हवेतच राहिला. "काबर गा?" का रे, असं त्याने विचारलं.

"उसका रहने दो," मी म्हणालो.

"काबर?"

"रहने दो बोला ना."

वेल्डर बाकावर बसून बूट घालत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या निरोधच्या खोक्याकडे, मग फळ्याकडे. दुसऱ्या कोणी ते नाव पुसलं असतं तर दहा कारणं निघाली असती. पण पुसणारा एड्सवाला होता. माझ्या ते लक्षात आलं तेव्हा हाताला खडू लागलेला होता आणि गार्ड दारात उभा होता.

संध्याकाळी दवाखान्यातून परतल्यावर त्याने मला गाठलं.

"नाव कावून मिटवलं?"

मी तळहात खिशात घातला.

"मी तिथी कावीळ होऊन गेली सांगनार होतो, मंग रक्त घेत नाई. याच्या अगोदर दोन खेपा सांगतली. लोक हसले, चालून गेलं. तिसऱ्या खेपेलेबी चाललं असतं."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आमची आजी म्हणायची, आणि ते नेहमी माझ्याकडे बघूनच म्हणायची. मी माफी मागितली. त्याने ऐकून घेतली, गाडीला किक मारली आणि गेला.

पाळीत कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की दहा वाजता गार्डचा डबा भरलेला निघतोय. पाचव्या दिवशीही तसंच. सगळे पूर्वीसारखेच गोल बसत होते, पूर्वीसारख्याच गप्पा मारत होते, फक्त हात त्याच्या डब्याच्या बाजूला जात नव्हते. आज पोट भरलंय, आज तिखट नको, आज चतुर्थी आहे. चहाचा एक ग्लास खिडकीत वेगळा दिसायला लागला, तो कोणी तिथे ठेवला ते कळलं नाही. बायकोने चोरासाठी घातलेल्या त्या दोन जास्तीच्या पोळ्या गार्ड आता घरी परत न्यायला नको म्हणून स्वतःच खायचा. मग त्याने सांगून टाकलं की ॲसिडिटी झाली आहे, डॉक्टरने सावकाश जेवायला सांगितलंय, आणि तो दाराजवळच्या बाकावर वेगळा बसायला लागला. सगळ्यांना हायसं वाटलेलं मी पाहिलं.

मला ओरडायचं होतं. अरे, तुम्हीच माना डोलावल्या होत्या ना? पण ओरडू तरी काय? ज्याचं कोणी नाव घेतलं नाही त्याची बाजू कशी घ्यायची? त्याच्याबरोबर खा, काही होत नाही, एवढं म्हणालो असतो तरी त्याला काय आहे ते मीच सांगितल्यासारखं झालं असतं. गार्डनेही तेच बजावलं होतं, "तू बोलशील त पक्कं होऊन जाईल. आता निदान कच्चं हाये." तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माझ्या खिशात कायद्याचं कार्ड होतं, दुसऱ्याचा आजार त्याच्या मर्जीशिवाय सांगणं हा गुन्हा आहे असं त्यावर लिहिलेलं. ते मी दुसऱ्या शॉपमध्ये जाऊन वाचून दाखवायचो आणि माझाच तळहात मला दिसायचा. "एका ताटात जेवलं तर?" असं कोणी विचारलं की पूर्वी मी खुलायचो, आता घाम फुटायचा. घरी बायको म्हणे, खाली बसा हो एकदा, मला चक्कर येऊन राहिली तुम्हाला बघून.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. वर्षातून त्या एका दिवशी आमच्या घरच्यांना प्लांटमध्ये यायला मिळतं. बायका नव्या साड्या नेसून येतात, पोरं क्रेनकडे बोट दाखवतात, आणि नवरा रोज ज्या मशीनला शिव्या देतो तिला हार घातलेला बघून बायका हसतात. प्रसादाची बुंदी शॉपची असते, पण आमच्या पाळीत दरवर्षी एका घराने बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे करून आणायचे असतात. त्या वर्षी पाळी गार्डच्या घराची होती. ते वडे कोणी खाईल का, या धास्तीत मी ऑगस्टपासून बोटांवर दिवस मोजत होतो.

तो आला तो मिठाईच्या दुकानातले पुठ्ठ्याचे डबे घेऊन. प्रत्येकासाठी एक, वर दुकानाचं चिकटवलेलं लेबल, बाजूने रबर. "घरी तिले बरं नोहोतं," म्हणाला. डबे भराभर वाटले गेले, रबर निघाले, सगळे हसतखेळत खायला लागले. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते मी लपवणार नाही. परीक्षा रद्द झाल्याचं कळल्यावर पोराला वाटतं तसं वाटलं.

तेवढ्यात त्याची बायको आली, सासूचा हात धरून, ठणठणीत. खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत स्टीलचा मोठा डबा. तिने माझ्या हातातला पुठ्ठ्याचा डबा पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिला काय ते कळलं. पिशवी तिने हळूच पाठीमागे घेतली.

मला राहवलं नाही. "वहिनी, वडे आनले का?"

"आनले होते, भाऊजी. बरबटीचे. पन आता मिठाई खाल्ली ना तुमी."

"द्या इकडे."

मी डबा जवळजवळ ओढून घेतला, झाकण काढलं आणि सगळ्यांच्या मधोमध उभा राहून वडा तोंडात घातला. वा, वहिनी. दुसरा घातला, तिसरा घातला. खाताना मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. मग डबा पुढे केला. फोरमनने एक वडा घेतला, रुमालात बांधला, घरी खाईन म्हणाला. वेल्डर म्हणाला त्याचा उपास आहे. त्याच्या मिशीला पेढा लागलेला होता. बाकीचे मशीनचे हार नीट करायला लागले. गार्डची आई मला विचारत होती की मीठ जास्त झालंय का, कोणी खात कसं नाही.

घरच्यांना गेटपर्यंत सोडून गार्ड परत आला तेव्हा मी रिकामे पुठ्ठे गोळा करत होतो. मला वाटलं तो माझा हात धरेल.

"तू वडे नाई खाल्ले," तो म्हणाला. "तू क्लास घेतला. माह्या मायसमोर."

मी काही बोलायच्या आत त्याने पुढचं सांगितलं, आवाज न चढवता.

"अन् अजून एक सांगू का? माह्या डबा मारनं सगळ्यात पहिले कोनी सोडलं, मालूम हाये? यांनी उन्हाळ्यात सोडलं. तू उतईच्या रस्त्यावरून आला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सोडला."

मी म्हणणार होतो की तुझं पोट भरावं म्हणून, गोळी चालू होती म्हणून. तोंड उघडलंही. पण ते खरं आहे की नाही हे मलाच माहीत नव्हतं. एवढे महिने त्या पाइपवरून मी रोज जात होतो आणि माझा हात एकदाही त्या झाकणाकडे गेला नव्हता, आणि हे मला तोवर दिसलंही नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. तो गेल्यावर मी त्या पुठ्ठ्यांच्या ढिगापाशी खाली बसलो. त्या वर्षात मी एका जागी बसलो असेन तर तेव्हाच.

त्यानंतर आम्ही कामापुरते बोलत होतो. पाना दे, बोल्ट धर, क्रेनला हात दाखव. दिवाळी अशीच गेली. रायपूरला तो आता एकटाच जात होता.

थंडी पडली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी घरी पोराशी कशावरून तरी वाजलं आणि मी तणतणत निघालो तो डबा ओट्यावर विसरून. नऊच्या सुमारास पोटात कावळे ओरडायला लागले. मी बेअरिंग न्यायला रेस्ट रूमकडे आलो, आत कोणी नव्हतं. पाइपवर डबे ओळीने होते आणि शेवटचा गार्डचा होता, त्याच्या कडेने जवसाच्या चटणीचा वास येत होता.

माझा हात गेला आणि झाकणापासून चार बोटांवर थांबला.

दोनशे लोकांना मी सांगितलं होतं. मला सगळं ठाऊक होतं, कशाने होतं, कशाने होत नाही, पानागणिक, चित्रागणिक. तरी हात थांबला. मला त्या हाताची इतकी चीड आली की तो दुसऱ्या कोणाचा असता तर मी धरून पिरगाळला असता. मी झाकण काढलं. चार पोळ्या होत्या, भरीत होतं, चटणी होती. दोन पोळ्या मी पूर्वीसारख्याच उभ्या उभ्या खाल्ल्या, अर्ध्या भरिताशी, भराभर, दाराकडे कान ठेवून. दोन पोळ्या ठेवल्या, कारण त्याला उपाशी ठेवायचं नव्हतं. झाकण लावलं, तोंड पुसलं आणि बेअरिंग न घेताच परत गेलो. चटणी तिखट होती. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने की कशाने, कोण जाणे.

दहा वाजता सगळे आले. आपापले डबे घेऊन गोल बसले. गार्डने आपला घेतला आणि दाराजवळच्या बाकाकडे निघाला, आणि दोन पावलांवर थांबला. त्याने डबा हातात तोलून पाहिला. मग झाकण काढलं.

डबा रिकामा होता. पोळ्या नाहीत, भरीत नाही, चटणीचा खणही बोटाने पुसून घेतलेला.

मी बघतच राहिलो. रेस्ट रूममध्ये कोणी घास उचलत नव्हतं. गार्ड त्या डब्यात इतका वेळ पाहत राहिला की मला वाटलं आता हा रडणार. मग त्याने मान वर केली.

"कोन मारला बे माह्या डबा?" तो ओरडला. "कोन हाये तो भुक्कड? सकाळी घरून काय हवा खाऊन येता का बे?"

पुढे त्याने आमच्या खानदानांचा जो उद्धार केला तो इथे लिहिता येणार नाही. फोरमन आपल्या चिल्यावर, म्हणजे तांदळाच्या धिरड्यावर, मान घालून हसत होता की खोकत होता, समजेना. वेल्डर खिडकीबाहेर बघत होता. शिव्या संपल्यावर गार्ड गोलात आला आणि आपला हक्क वसूल करायला लागला. फोरमनच्या डब्यातला चिला तोडला. वेल्डरपुढे थांबला. वेल्डरने त्याच्याकडे न बघता आपला डबा बोटभर पुढे सरकवला. मग तो माझ्यापाशी आला. माझ्यापुढे डबा नव्हता.

"तुया कुठी हाये?"

"घरी राहिला."

त्याने हातातल्या घासांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या शेजारी बसला आणि चिल्याचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"त तू होय," हळूच म्हणाला.

"अर्धाच," मी म्हणालो. "आईशपथ. दोन पोळ्या ठेवल्या होत्या तुयासाठी. भरीतबी होतं."

तो चावता चावता थांबला. आम्ही दोघांनी एकदम वर पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे. सगळे खाली मान घालून जेवत होते.